दक्षिणेला सरकलेले वादळ

धाकटीचा संदेश आला तेव्हा आई देवापुढे बसली होती. २०२४ च्या नवरात्रातली ती सातवी माळ, ९ ऑक्टोबरची संध्याकाळ. घटातले धान वीतभर वाढून पिवळसर झाले होते आणि नंदादीपाला तेल घालताना आईचा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. धाकटी फ्लोरिडात, टॅम्पाला राहते, आणि मिल्टन नावाचे चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातातून सरळ तिच्या शहराच्या रोखाने निघालेले होते. एरवी घरावर काही संकट आले की आई देव पाण्यात ठेवते. परंतु नवरात्रात देव विड्याच्या पानावर बसलेले असतात, त्यांना जागचे हलवायचे नसते, त्यामुळे या वेळी तिला तेवढाही आधार नव्हता. तिने दिव्यावरची नजर काढायची नाही एवढेच मनाशी ठरवले असावे. संदेशात लिहिले होते, ‘ताई, ट्रॅक अजून थोडा दक्षिणेला सरकला. बरं वाटलं, पण बरं वाटल्याचं बरं वाटत नाहीये.’ मी पहिले वाक्य आईला वाचून दाखवले. तिने डोळे मिटून हात जोडले, उठून स्वयंपाकघरातून वाटीत साखर आणली आणि घटापुढे ठेवली. दुसरे वाक्य मी तिला वाचून दाखवले नाही. ते मात्र माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

त्या आधीचे दिवस आम्ही नाशिकमध्ये आणि ती टॅम्पात, साडेनऊ तासांच्या अंतराने, एकाच धास्तीत काढत होतो. तिची रात्र संपत आली की आमची दुपार कलायला लागलेली असे, आणि उठल्याबरोबर ती पहिल्यांदा राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचा नवा नकाशा पाहून आम्हाला कळवत असे. त्या नकाशावर वादळाच्या पुढे एक पांढरा शंकू काढलेला असतो. वादळाचे केंद्र या शंकूच्या आत कुठूनही जाऊ शकते, एवढेच तो सांगतो. धाकटीचे घर त्या शंकूच्या मध्यरेषेजवळ होते. दोनच आठवड्यांपूर्वी, २६ सप्टेंबरला, हेलीन नावाचे वादळ फ्लोरिडाच्या उत्तर भागात धडकले होते आणि त्याने टॅम्पाच्या उपसागरालगतच्या घरांत पाणी घातले होते. भिजलेल्या गाद्या, सोफे, उखडलेल्या भिंतींचे तुकडे यांचे ढीग रस्त्याकडेला अजून तसेच पडून होते, आणि आता त्याच ढिगांतली एकेक वस्तू नव्या वाऱ्यात उडून कुणाच्या तरी खिडकीवर आदळेल या भीतीने ते उचलण्यासाठी रात्रंदिवस ट्रक फिरत होते. हेलीनच्या वेळी टेलर काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने, जे घर सोडणार नाहीत त्यांनी आपले नाव आणि जन्मतारीख न पुसणाऱ्या शाईने अंगावर लिहून ठेवावी, असे सांगितले होते. हे धाकटीने मला सांगितले तेव्हा आम्ही दोघीही बराच वेळ काही बोललो नाही. आईला आम्ही ते अजूनही सांगितलेले नाही.

तिचे घर किनाऱ्यापासून आत, शहराच्या उत्तरेला आहे. पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा, असा त्या बाजूचा नियम आहे. म्हणजे भरतीच्या लाटेची भीती जिथे आहे तिथून निघायचेच, आणि जिथे फक्त वाऱ्याची भीती आहे तिथे मजबूत घर असेल तर थांबायचे. त्या हिशेबाने त्यांनी थांबायचे ठरवले. तिने व्हिडिओ कॉलवर तयारी दाखवली. न्हाणीघरातला टब काठोकाठ भरलेला होता, कारण वीज गेली की पाणीही जाऊ शकते. अंगणातल्या लोखंडी खुर्च्या मेव्हण्यांनी पोहण्याच्या तलावात बुडवून ठेवल्या होत्या, म्हणजे त्या उडणार नाहीत. निळसर पाण्याच्या तळाशी त्या खुर्च्या कुणीतरी बसायला येणार असल्यासारख्या समोरासमोर दिसत होत्या. तुळशीची कुंडी, मोगऱ्याची कुंडी, मुलांच्या सायकली, सगळे दिवाणखान्यात आले होते. देवघरातल्या मूर्ती तिने एका डब्यात ठेवून डबा पासपोर्टच्या पिशवीत घातला होता. आई एवढेच म्हणाली, ‘नवरात्रात देव हलवलेस का गं?’ धाकटी म्हणाली, ‘आई, घरच हललं तर?’ त्यावर आईने मान डोलावली.

७ ऑक्टोबरला मिल्टन एकाएकी फुगले. दोन दिवसांपूर्वी त्याचे नुसते नामकरण झालेले होते, आणि आता वाऱ्याचा वेग ताशी २८५ किलोमीटरवर गेला होता. मायामीच्या दूरचित्रवाणीवर अनेक दशके हवामान सांगणारे जॉन मोरालेस, दहा तासांत वादळाच्या केंद्राचा दाब ५० मिलिबारने उतरला हे सांगता सांगता, कॅमेऱ्यासमोर गहिवरले. ती चित्रफीत आमच्या घरापर्यंतही आली. आईला त्यांचे इंग्रजी कळले नाही, मिलिबारही कळले नाहीत, पण सांगणाऱ्याचाच आवाज फाटला म्हणजे प्रकरण साधे नाही, हे तिला कळले आणि त्या रात्री ती जेवली नाही. टॅम्पाच्या महापौर जेन कॅस्टर यांनीही, ज्या भागांना बाहेर पडायला सांगितले आहे तिथे थांबाल तर मराल, असे स्पष्ट शब्दांत बजावले होते. सरकारी माणसाने एवढे सरळ बोलावे, याचे मला त्या धास्तीतही बरे वाटले.

येणाऱ्या संकटाची वाट पाहणे नाशिकच्या माणसाला अगदीच परके नाही.

आमचे दुकान भांडी बाजारात होते. बाबा तांब्या-पितळेची भांडी विकत. गंगापूर धरण भरत आले, त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस थांबेना, की ध्वनिक्षेपकावरून नदीकाठच्या लोकांना सावधानतेचा इशारा मिळे, आणि बाजारात एकमेकांना विचारला जाणारा प्रश्न एकच असे, ‘मारुतीला पाणी कुठवर आलं?’ गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती हे आमचे खरे मोजमाप. धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला हा आकडा नंतर कळे, त्याआधी गुडघा, कंबर, छाती असा पूर चढलेला कळे. पाणी कमरेला लागले की बाबा खालच्या फळीवरचे हंडे, कळशा, घंगाळी माळ्यावर चढवायला लागत. आम्ही दोघी बहिणी शिडीच्या मधल्या पायरीवर उभ्या राहून भांडी वर द्यायचो. हातांना पितळेचा तो आंबूस वास लागे, वरून बाबांचा आवाज येई, ‘सावकाश, पोचा नको यायला.’ त्या वेळी आम्हाला भीती वाटे हे खरे आहे, पण त्या भीतीत एक उत्साहही होता हे लपवण्यात अर्थ नाही. शाळेला सुट्टी, दुकानात दिवेलागणीनंतरही जागरण, होळकर पुलावर पूर बघायला लोटलेली गर्दी आणि त्या गर्दीत हातात मक्याचे कणीस. पाणी चढत असते तोवर माणसे एकमेकांशी जितकी बोलतात तितकी एरवी बोलत नाहीत. पाणी उतरले की मात्र प्रत्येक जण आपापल्या गाळाशी एकटा असतो. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर बाबा दुकानाच्या उंबऱ्यावर बसून एकेक तपेले धूत होते, तेव्हा शेजारचे दुकानदारही तेच करत होते आणि अख्ख्या गल्लीत नुसता खरवडण्याचा आवाज होता. धाकटीची मुलेही शाळा बंद म्हणून खूश होती आणि टॉर्च घेऊन घरभर फिरत होती. ती त्यांच्यावर ओरडली, मग तिला आमची शिडी आठवली आणि तिने मला फोन केला.

त्या वयात माझ्या लक्षात न आलेली गोष्ट पुढे निफाड तालुक्यातल्या मामांच्या घरी लक्षात आली. ‘नाशिकचा पूर ओसरला’ ही बातमी आम्ही सुटकेचा श्वास सोडून ऐकत असू, त्या वेळी तेच पाणी खाली सायखेडा आणि चांदोरीच्या दिशेने चाललेले असे. आमच्या मारुतीच्या कमरेखाली पाणी गेले की थोड्या तासांनी तिथल्या घरांच्या ओट्यांवर ते चढे. आणि त्याच्याही खाली, नांदूरमध्यमेश्वरच्या पलीकडे, मराठवाड्यातले लोक जायकवाडीत किती टक्के पाणी आले याचा आकडा रोज सकाळी डोळे लावून बघत असत. एकच पाणी, भांडी बाजारात गाळ, चांदोरीत उपसा आणि पैठणला पुढच्या उन्हाळ्याची आशा. आपल्याकडून ते गेले म्हणजे संपले असे फक्त आपल्याला वाटते.

मामांची द्राक्षबाग आहे, आणि द्राक्षवाल्याइतके आभाळाकडे कुणी बघत नसेल. ऑक्टोबरमधल्या छाटणीनंतर नवी फूट निघते, घड दिसायला लागतात, मग फुलोरा, आणि नेमक्या त्या दिवसांत अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात काही तयार झाले की निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या घरांत झोप उडते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले. ते ११ तारखेला मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले आणि त्याचा पाऊस घाटमाथा ओलांडून द्राक्षांवर पडला. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी गुजरातकडे जाता जाता विरले, पण तेही आपल्याकडे अवकाळी पाऊस टाकून गेले. वादळाचे डोळे, वेग, श्रेणी यांच्याशी मामांना काही देणेघेणे नाही. घडावर पाणी किती वेळ राहिले आणि सकाळी पानाच्या खालच्या बाजूला डाऊनीची पांढरी बुरशी दिसते का, एवढेच त्यांना बघायचे असते. पाऊस थांबताच मध्यरात्री ते ट्रॅक्टरला ब्लोअर लावून बागेत शिरत आणि नुसत्या हवेने पानांवरचे पाणी झटकत ओळीओळीने फिरत. पाठोपाठ फवारणी. ट्रॅक्टरच्या दिव्यात उडणारे ते थेंब, डिझेलचा आणि औषधाचा मिसळलेला उग्र वास आणि बांधावर उभ्या मामीच्या हातातला चहाचा थर्मास मी डोळ्यांनी पाहिला आहे. अशाच एका रात्री मामांना फोन आला की ढग वरच्या अंगाला गेला, दिंडोरीकडे बसला. मामांनी फोन ठेवला, एकदा ‘पांडुरंगा’ म्हणाले आणि लगेच दुसरा फोन लावला, दिंडोरीच्या आपल्या साडूंना. ‘औषध आहे का घरात? नसेल तर गाडी घेऊन या, माझ्याकडे जास्तीचं आहे.’ पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. मामा मात्र त्यानंतर झोपायला गेले नाहीत. गोदामातले डबे काढून त्यांनी ओट्यावर मांडून ठेवले.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा आपण सगळे टाळेबंदीमुळे घरातच होतो. आधीचे दोन दिवस वाहिन्यांवर मुंबईचेच चित्र होते. समुद्र, गेटवे, झोपडपट्ट्या, करोनाची रुग्णालये. दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि मुंबईवरचे संकट टळल्याचे सांगितले गेले. टळले होते हे खरेच आहे, आणि मुंबईतल्या गर्दीचा विचार केला तर ते टळणे फार मोठे होते. पण आमच्या शेजारच्या वहिनींचे माहेर श्रीवर्धनचे. मुंबई वाचल्याची पट्टी पडद्यावरून सरकत असताना त्या आमच्याकडे बसून माहेरचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होत्या. मोबाइलचे मनोरे पडलेले, वीज गेलेली, त्यामुळे पुढचे कित्येक दिवस त्यांना कुणाचा आवाज ऐकू आला नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोलीच्या किनारपट्टीवरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत वर्षे जातात. आजोबांनी लावलेल्या झाडांवर नातवाचे शिक्षण चाललेले असते, आणि दुपारच्या काही तासांत ती सगळी जमीनदोस्त झाली. ते वादळ विरत विरत त्याच रात्री आमच्या बाजूला आले. गंगापूर रोडवर झाडांच्या फांद्या मोडल्या, वीज गेली, खिडक्यांच्या फटींतून पाणी आले. आम्ही मेणबत्ती लावून बसलो होतो आणि वहिनी म्हणाल्या, ‘हेच वारं तिकडून आलंय.’

टॅम्पाचेही असेच आहे. १९२१ नंतर त्या शहरावर मोठे चक्रीवादळ थेट आदळलेले नाही. तिथले मूळ रहिवासी असलेल्या टोकोबागा लोकांनी उपसागराकाठी उभारलेल्या टेकड्या शहराचे रक्षण करतात, अशी एक समजूत तिथे आहे, आणि धाकटीच्या ओळखीचे शिकलेले लोकही ती पूर्ण अविश्वासाने सांगत नाहीत. मला यात नवल वाटत नाही. सह्याद्री आडवा आहे म्हणून आपण वाचतो, असे आपणही म्हणतोच, आणि त्यात निदान काही अंशी तथ्य आहे. २०२२ मध्ये इयानचा शंकूही आधी टॅम्पावरच होता. ते शेवटी खाली फोर्ट मायर्सच्या बाजूला वळले आणि फ्लोरिडात शंभराहून अधिक माणसे गेली. त्या वेळीही धाकटी सुटली होती. त्या वेळी आम्ही पेढे वाटले होते.

मिल्टन ९ तारखेच्या रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे आमच्याकडे १० तारखेच्या पहाटे सहाला, सॅरासोटाजवळच्या सिएस्टा की या बेटावर चढले. आम्ही रात्रभर जागे होतो. वाहिन्यांवर त्या पहाटे फ्लोरिडा कुठेच नव्हते, कारण रात्री रतन टाटा गेले होते आणि प्रत्येक पडद्यावर त्यांचाच चेहरा होता. टाटांसाठी आईच्या डोळ्यांत पाणी होते आणि कान माझ्या मोबाइलकडे होते. धाकटीचे शेवटचे वाक्य ‘वीज गेली, आम्ही कपाटात बसलोय’ असे होते. आतली, खिडकी नसलेली जागा म्हणजे त्यांच्या घरातली कपड्यांची खोली. त्यानंतर काही तास काही नाही. सकाळी नऊच्या सुमारास ‘ठीक आहोत’ एवढे दोन शब्द आले आणि आईने पहिल्यांदा पाणी प्यायले.

नंतर कळले ते असे. वादळाचे केंद्र उपसागराच्या दक्षिणेकडून गेले. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे टॅम्पावर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि उपसागरातले पाणी शहरावर चढण्याऐवजी बाहेर ओढले गेले. केंद्र थोडे उत्तरेकडून गेले असते तर हाच वारा पाणी आत ढकलत राहिला असता. टॅम्पा सुटले म्हणजे नुकसान झाले नाही असेही नाही. पाऊस बेसुमार पडला, शेजारच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या बेसबॉलच्या मैदानाचे छत फाटले, राज्यात ३० लाखांहून अधिक जोडण्यांची वीज गेली. पण सर्वांत जीवघेणी गोष्ट घडली ती भलतीकडेच. वादळ किनाऱ्यावर यायच्या कितीतरी तास आधी त्याच्या बाहेरच्या पट्ट्यांतून वाऱ्याचे भोवरे, म्हणजे टोर्नाडो, सुटले, आणि राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट लुसी काउंटीत, सहा माणसे त्यांत गेली. ती वयस्कर माणसांची वस्ती होती. सगळ्या जगाची नजर पश्चिम किनाऱ्यावर खिळलेली असताना ती माणसे दुसऱ्याच किनाऱ्यावर होती. आम्हीही नकाशाच्या त्या बाजूला एकदाही पाहिले नव्हते.

हे मी आईला सांगितले, आणि त्याबरोबर धाकटीचे ते दुसरे वाक्यही सांगितले. आईने लगेच काही उत्तर दिले नाही. संध्याकाळी माळ बांधताना, झेंडूच्या फुलात सुई घालता घालता, ती म्हणाली, ‘मग मागायचं तरी काय? आपल्यावर येऊ नको म्हटलं की ते दुसऱ्यावर जाणार. समुद्रातच विरून जा म्हणावं का?’ मलाही क्षणभर तेच उत्तर वाटले. मग मे २०२१ आठवला. तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने वर सरकत गुजरातला गेले, जमिनीवरच्या आपण सगळ्यांनी पुन्हा एकदा श्वास सोडला, आणि मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींच्या कामावरचा पी-३०५ हा तराफा बुडून ७० हून अधिक कामगार गेले. आपल्याला जो मोकळा समुद्र वाटतो, तिथेही कुणाचा तरी मुलगा पाळीवर असतो.

मला जे वाटते ते असे, की सुटल्याचा आनंद नाकारता येत नाही आणि नाकारू नये. ज्याची बहीण कपाटात बसून रात्र काढते आहे त्याने वादळ सरकल्यावर हात जोडू नयेत, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. पण वादळाच्या बाबतीत मागण्यासारखी एक गोष्ट अशी आहे की ती मिळाली तर दुसऱ्या कुणाची कमी होत नाही, आणि ती म्हणजे वेळ. १९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळाने सुमारे १०,००० माणसे गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आले तेव्हा आधीच १० लाखांच्या आसपास लोकांना हलवले होते आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. वादळ दोन्ही वेळा आलेच, त्याला कुणी वळवले नाही. कुणीतरी आकाशाचा दाब मोजत बसले होते, कुणीतरी गावोगाव जाऊन दारे ठोठावली, कुणीतरी शाळांचे वर्ग उघडून तिथे तांदूळ पोचवला. मोरालेस यांचा आवाज फाटला तो त्याच कामात. आईला मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे सगळ्यांना वेळेवर कळू दे, असं मागू,’ आणि सुई पुढच्या फुलात घातली.

दसऱ्याच्या दिवशी धाकटीचा फोन आला. तिच्याकडे वीज आली होती, फ्रीजमधले सगळे फेकून दिले होते, आणि ती व मेव्हणे गाडीत पाण्याच्या बाटल्या, बर्फ आणि पेट्रोलचे डबे भरून सॅरासोटाला निघाले होते. तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण तिथे राहते. तिच्या घराचे छप्पर गेले आहे आणि तिची आई चाकाच्या खुर्चीवर असते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आईने पुरण परतता परतता फोन खांद्याशी धरून विचारले, ‘त्या माउलीला औषधं मिळतायत का? कुठली लागतात ते विचारून घे आणि तुझ्याकडच्या दुकानातून घेऊनच पुढे जा.’ धाकटी म्हणाली, ‘विचारते,’ आणि मेव्हण्यांना गाडी वळवायला सांगितली.